वेडेपणाचा बचाव: शेजारच्या मुलाच्या खटल्यात मी साक्ष द्यावी का?

शुक्रवार_तलाव

नमस्कार. मी नागपुरात राहणारा निवृत्त गणित शिक्षक आहे. गेल्या दीड वर्षापासून सिव्हिल लाइन्समधील सत्र न्यायालयात चाललेल्या एका खुनाच्या खटल्याला मी जवळजवळ प्रत्येक तारखेला जाऊन बसतो. आरोपी आमच्याच गल्लीतला असून तो कधीकाळी माझा विद्यार्थी होता. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याने आपल्या थोरल्या भावाला घराच्या अंगणात लोखंडी सब्बलीने, म्हणजे पहारीने, मारले. मारले त्यानेच, याबद्दल कोणाचाही वाद नाही, त्याच्या वकिलांचाही नाही. त्या वेळी तो मनोविकल होता, म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ चा लाभ त्याला मिळावा, एवढाच त्यांचा बचाव आहे.

आमच्या वस्तीत या बचावाला 'वेडाचे सोंग' म्हणतात. मला तसे म्हणता येत नाही. घटनेच्या नऊ दिवस आधी पहाटे साडेपाचला तो माझ्या दारात आला होता. "सर, माझ्या भावाला कुठे नेलं तुम्हाला माहीत आहे का? घरात राहतो तो दुसराच आहे, चेहरा फक्त त्याचा लावलाय," असे तो म्हणाला. त्या क्षणी त्याचा भाऊ समोरच नळावर पाणी भरत होता. मी त्याची समजूत घालून त्याला परत पाठवले आणि दुपारी भावाला सगळे सांगितले. भाऊ म्हणाला, "सर, जागरणं होताहेत त्याला, होईल बरा." मीही विषय तिथेच सोडला. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

पोलिसांनी माझा जबाब घेतला नाही आणि मीही आपणहून गेलो नाही. आता बचाव पक्षाच्या वकिलांना हा प्रसंग आरोपीच्या आईकडून कळला आहे आणि ते मला साक्षीदार म्हणून बोलावू इच्छितात. सरकार पक्षाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. घटनेनंतर त्याने सब्बल नळाखाली धुतली. म्हणजे पुरावा नष्ट करण्याइतके भान त्याला होते, असे ते म्हणतात. दवाखान्याची जुनी कागदपत्रे घरच्यांकडे नाहीत. त्यांनी दोन वर्षे 'बाहेरचे आहे' असे समजून त्याला देवऋष्याकडे नेले होते.

मृताची पत्नी आणि दोन मुले त्याच घरात राहतात. त्यांच्या नजरेला नजर देऊन मी हे न्यायालयात कसे सांगू? आणि कागद नसताना एका म्हाताऱ्याच्या आठवणीला न्यायालय किती किंमत देईल? जाणकारांनी सांगावे.

व्यवस्थापन_३

प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. कृपया वस्ती, न्यायालयाचा क्रमांक, वकील किंवा साक्षीदार यांची ओळख पटेल असे काहीही लिहू नये. कायद्याची चर्चा आणि स्वतःचे अनुभव यांना हरकत नाही.

काळा_कोट

सर, मी विदर्भातील न्यायालयांत अठ्ठावीस वर्षे फौजदारी काम केले आहे. प्रथम एक खुलासा करतो. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असल्यामुळे तुमच्या खटल्याला जुनी दंड संहिताच लागू राहील, म्हणजे खुनासाठी कलम ३०२ आणि बचावासाठी कलम ८४. नव्या भारतीय न्याय संहितेत खून कलम १०३ मध्ये आणि हा बचाव कलम २२ मध्ये आला आहे, परंतु बचावाचा गाभा बदललेला नाही.

कलम ८४ आजाराचे नाव विचारत नाही. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या माणसाला आपण काय करत आहोत, किंवा जे करत आहोत ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे, हे समजण्याची क्षमता होती का, एवढेच ते विचारते. म्हणून माणूस वैद्यकीयदृष्ट्या आजारी असूनही कायद्याच्या दृष्टीने जबाबदार ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद वारंवार स्पष्ट केला आहे.

हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो भार सरकार पक्षाच्या भाराएवढा जड नसतो. दह्याभाई ठक्कर प्रकरणात, १९६४ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीने शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकवले तरी पुरे. तेवढे जमले नाही, तरी त्याच्या पुराव्यामुळे खुनाच्या हेतूबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली तर तिचा फायदाही त्यालाच मिळतो. त्याच निकालात असेही म्हटले आहे की निर्णायक क्षण कृत्याचाच असला, तरी त्या क्षणीची मनःस्थिती आधीच्या, त्या वेळच्या आणि नंतरच्या परिस्थितीवरूनच ठरवावी लागते. तुमची पहाट ही त्यातली 'आधीची' परिस्थिती आहे. ती पाहणारे तुम्ही एकटेच असाल, तर तुमच्यावाचून ती न्यायालयापर्यंत पोहोचणार नाही.

रामदासपेठ_२२

सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. सब्बल धुणाऱ्या माणसाला आपण काय केले ते कळत नव्हते, हे मला पटत नाही. उद्या प्रत्येक खुनी चार दिवस असंबद्ध बोलेल आणि सुटेल. पोलिसांना न सांगितलेली गोष्ट तीन वर्षांनी न्यायालयात सांगितली तर तिच्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

काळा_कोट

रामदासपेठ, तुमचा पहिला आक्षेप न्यायालयांनी कित्येकदा ऐकला आहे आणि अनेकदा मान्यही केला आहे. शेरअल्ली वली महंमद विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७२, हे प्रकरण पाहा. पत्नी आणि अपत्याच्या खुनाला हेतू दिसत नाही, दार फोडले तेव्हा आरोपीने पळण्याचा प्रयत्नही केला नाही, म्हणून तो वेडा होता असे मानता येणार नाही, असे तेथे म्हटले गेले आणि बचाव फेटाळला गेला. आता त्याच्या शेजारी श्रीकांत आनंदराव भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२, ठेवा. हा आरोपी पोलीस शिपाई होता. त्याने पत्नीच्या डोक्यात वरवंटा घातला आणि तोही पळाला नाही. पण त्याच्या बाबतीत घटनेपूर्वीच्या आजाराचा पुरावा होता, वडिलांच्या मानसिक आजाराचा पुरावा होता आणि अटकेनंतर काही महिन्यांत उपचारासाठी पंचवीस वेळा रुग्णालयात नेल्याच्या नोंदी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. पळून न जाणे दोन्हीकडे होते. फरक पडला तो आधीच्या आणि नंतरच्या नोंदींनी. म्हणून 'प्रत्येक खुनी सुटेल' ही भीती वस्तुस्थितीला धरून नाही. बहुतेक प्रकरणांत हा बचाव टिकत नाही, आणि माझ्या अनुभवात तो अपुऱ्या पुराव्यामुळे पडतो.

चंद्रपूरची_डॉक्टर

मी मनोविकारतज्ज्ञ असून सरकारी सेवेत आहे. साक्षीसाठी अनेकदा न्यायालयात गेले आहे. या रुग्णाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्याच्या निदानाबद्दल बोलणार नाही. पण सरांनी सांगितलेला प्रसंग वाचून मी थबकले. जवळचे माणूस तेच दिसते, पण ते 'ते' नाही, कोणीतरी त्याचे रूप घेऊन आले आहे, हा भ्रम आमच्या शास्त्राला १९२३ पासून कॅपग्रास या फ्रेंच वैद्याच्या नावाने माहीत आहे. छिन्नमनस्कतेत, म्हणजे स्किझोफ्रेनियात, तो आढळतो. हे सामान्य माणसाला सहजी सुचणारे सोंग नव्हे. सोंग घेणारे बहुधा आरडाओरडा, बडबड, कपडे फाडणे अशा लोकांना ठाऊक असलेल्या वेडाची नक्कल करतात.

आमची अडचण वेगळी आहे. आरोपी आमच्यासमोर येतो तो घटनेनंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. तोपर्यंत तुरुंगात किंवा रुग्णालयात औषधे सुरू झालेली असतात, झोप लागू लागलेली असते. उलटतपासणीत आम्हाला विचारतात, "डॉक्टर, घटनेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता याची मनःस्थिती काय होती?" प्रामाणिक डॉक्टरला एवढेच सांगता येते की आजचे निदान, आजाराची सर्वसाधारण वाटचाल आणि घरच्या-शेजारच्या लोकांनी सांगितलेली लक्षणे यांवरून अमुक शक्यता दिसते. ती लक्षणे सांगायलाच कोणी आले नाही, तर माझ्या अहवालातील तो रकाना रिकामा राहतो. असे रिकामे रकाने मी पाठवले आहेत आणि त्याचे मला दुःख आहे.

सब्बल धुण्याबद्दल एक प्रश्न विचारते. धुतल्यावर त्याने तिचे काय केले? लपवली, विहिरीत टाकली, की तशीच ठेवली? लपवण्यासाठी धुणे वेगळे, आणि भ्रमातल्या माणसाने एखादे 'काम' पूर्ण करून हात-पाय धुवावेत तसे धुणे वेगळे.

शुक्रवार_तलाव

डॉक्टरताई, सब्बल धुऊन त्याने ती तुळशी वृंदावनाला टेकवून ठेवली आणि तिथेच ओट्यावर बसून राहिला. माझ्या माहितीप्रमाणे सब्बलीची रोजची जागाही तीच होती. अंगणात आळी करण्यासाठी त्यांच्याकडे ती कायम तिथेच असायची. पंचनाम्यात 'वृंदावनालगत मिळून आली' एवढेच लिहिले आहे. तिची जागा तीच होती, हे आजवर न्यायालयात कोणी सांगितलेले नाही. हे महत्त्वाचे असू शकेल, असे माझ्या मनात आले नव्हते.

काळा_कोट

सर, हे तुमच्या साक्षीत यायलाच हवे. बचावाच्या वकिलांना आजच सांगा.

काटोल_रोड

इतका वेळ वाचत होतो. आता लिहावेसे वाटले, कारण या धाग्यात मारल्या गेलेल्या माणसाच्या घराविषयी कोणी फारसे बोललेले नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याचा खून तिच्या दिराने केला. त्यालाही मानसिक आजार होता, त्याचे कागद होते, आणि न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आजाराबद्दल मला शंका नाही. त्याला मी लहानपणापासून पाहिले आहे. पण 'निर्दोष' हा शब्द माझ्या आतेभावाच्या कानावर पडला तो दिवस मी विसरू शकत नाही. सरकारी वकिलांनी आम्हाला निकालाचा अर्थ समजावून सांगितला नाही. त्यानंतर त्याला कुठे ठेवले, कोणाच्या ताब्यात दिले, कधी सोडले, हे आम्हाला कधीच कोणी कळवले नाही. पुढे एक दिवस तो बसस्थानकावर आतेभावासमोर उभा राहिला. आतेभाऊ तिथेच खाली बसला.

सर, तुम्ही साक्ष द्या, मी नको म्हणणार नाही. पण आधी मृताच्या पत्नीला, त्या वहिनींना, स्वतः जाऊन सांगा. त्यांना ते न्यायालयात पहिल्यांदा कळू देऊ नका.

काळा_कोट

काटोल रोड, तुमचे दुःख मी समजू शकतो आणि तुम्हाला जे समजावून सांगायला हवे होते ते उशिरा का होईना मांडतो.

या कारणावरून निर्दोष सोडताना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३४ प्रमाणे, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७३ प्रमाणे, ते कृत्य आरोपीने केले की नाही याबद्दल न्यायालयाला निकालपत्रात स्पष्ट निष्कर्ष नोंदवावा लागतो. कृत्य त्याचेच आहे, पण कायद्याने तो गुन्हा ठरत नाही, असा तो निकाल असतो. दुसरे असे की, कृत्य केल्याचा निष्कर्ष असेल तर आरोपी त्या दिवशी सरळ घरी जाऊ शकत नाही. जुन्या कलम ३३५ प्रमाणे, नव्या ३७४ प्रमाणे, न्यायालय त्याला सुरक्षित अभिरक्षेत, म्हणजे देखरेखीखालील ताब्यात, ठेवण्याचा आदेश देते, अथवा तो स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही अशी पुरेशी हमी घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात देते. पुढे वैद्यकीय अहवालांवरून त्याची सुटका होऊ शकते. मृताच्या कुटुंबाला हे सारे कळवण्याची नीट व्यवस्था नसते, हा तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

सरांच्या शेजारच्या वहिनींसाठीही सांगतो. जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ प्रमाणे आरोपी निर्दोष सुटला तरीही पीडिताच्या पुनर्वसनासाठी नुकसानभरपाईची शिफारस न्यायालय करू शकते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. निकाल मान्य नसेल तर अपिलाचा हक्क पीडिताच्या वारसांनाही आहे.

काटोल_रोड

म्हणजे आमच्या निकालपत्रात कृत्य त्यानेच केले असे लिहिलेले असणार. ते आम्ही कधी वाचलेच नाही. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की न्यायालयाने आमची आत्या कोणी मारली हेच मानले नाही.

अनुराधा_ध

माझा धाकटा भाऊ वीस वर्षांपासून छिन्नमनस्कतेचे औषध घेतो. त्याने आजवर कोणावरही हात उगारलेला नाही. उलट लोकांनी त्याला दोनदा मारले आहे. वर्तमानपत्रात अशा खटल्याची बातमी आली की आमच्या इमारतीतली मुले आठवडाभर त्याच्या बाजूने जिन्यावरून जात नाहीत. म्हणून हा धागा उघडताना मला धास्ती वाटली होती. बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात, हे कोणीतरी लिहायला हवे, म्हणून मीच लिहिते.

आता कागदांबद्दल. सुरुवातीची सहा वर्षे आम्ही भावाला एका खाजगी दवाखान्यात नेत होतो आणि प्रत्येक भेटीनंतर आई चिठ्ठी फाडून टाकत असे, कारण माझे लग्न व्हायचे होते. औषधाच्या पाकिटावरचे नावसुद्धा ती खरवडून काढायची. पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जुन्या नोंदी लागल्या, तेव्हा त्या दवाखान्याने 'इतके जुने ठेवत नाही' म्हणून हात वर केले. आम्हाला फक्त प्रमाणपत्र हवे होते. सरांच्या शेजाऱ्यांच्या घरात त्याच कागदांवर मुलाचे आयुष्य अवलंबून आहे. त्या आईला दोष देण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर माझ्या आईलाही तो द्यावा लागेल, आणि ते माझ्याने होणार नाही.

चंद्रपूरची_डॉक्टर

अनुराधाताई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. नोंदींबद्दल थोडी माहिती देते. दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रे डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवावीत आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २५ प्रमाणे रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्क आहे. पण बाह्यरुग्णाची चिठ्ठी बहुतेकदा रुग्णाच्या हातातच असते आणि ती फाटली की गेली. प्रत्येक चिठ्ठीचे छायाचित्र काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावे, असे मी आता सर्व नातेवाइकांना सांगते.

सरांनाही सुचवते. तो मुलगा देवऋष्याकडे जात असे, त्या काळात एखाद्या औषध दुकानातून झोपेची गोळी, सरकारी रुग्णालयातला एखादा बाह्यरुग्ण क्रमांक, नोकरीवरून काढल्याचे पत्र, असे काही सापडते का पाहा. आजाराच्या खुणा दवाखान्याबाहेरच्या कागदांवरही उमटतात.

इतवारी_जुना

मला एक बाब समजत नाही. सरांच्या खटल्यातील आरोपीला मध्यंतरी मनोरुग्णालयात ठेवले होते का? ठेवले असेल आणि तिथून तो 'ठीक' म्हणून परत आला असेल, तर विषयच संपला ना?

शुक्रवार_तलाव

होय. खटला सुरू होण्यापूर्वी त्याला येथील प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवले होते. सात महिने कामकाज थांबले होते. त्यानंतर तो खटल्याला सामोरे जाण्यास सक्षम असल्याचे प्रमाणपत्र आले आणि आमच्या वस्तीत सर्वांनी तुमच्यासारखेच म्हटले, की डॉक्टरांनीच शहाणा ठरवला.

काळा_कोट

हा गैरसमज फार रुजलेला आहे. 'आज हा माणूस आपला बचाव समजू आणि करू शकतो का?' हा एक प्रश्न असतो. त्यासाठी जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ३२८ आणि ३२९ आहेत, आणि उत्तर नकारार्थी आले तर खटला थांबतो, संपत नाही. 'त्या दिवशी त्याला समजत होते का?' हा कलम ८४ चा प्रश्न अगदी निराळा. औषधाने बरे वाटू लागलेला माणूस पहिल्या कसोटीला उतरतो. त्याचा अर्थ तो त्या दिवशीही बरा होता, असा होत नाही. उलट, त्याला औषधाने बरे वाटले ही नोंद आजार खरा असल्याचा आधार ठरू शकते. वकिलांनी त्या सात महिन्यांची मूळ कागदपत्रे, परिचारिकांच्या दैनंदिन नोंदींसह, समन्स काढून न्यायालयात मागवली आहेत का, एवढे विचारा. केवळ शेवटच्या प्रमाणपत्रावर थांबू नका.

गोंडवाना

खटला थांबतो तेव्हा माणसाचे काय होते, याचे आसाममधील मचांग लालुंग यांचे उदाहरण मला अस्वस्थ करते. १९५१ साली अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले, पुढे ते बरे असल्याचे कळवलेही गेले, पण खटला कधी उभाच राहिला नाही. २००५ मध्ये सुटका झाली तेव्हा ५४ वर्षे गेली होती. दोन वर्षांनी ते वारले. शिक्षा झाली असती तरी इतकी वर्षे आत राहिले नसते. त्यामुळे 'वेडाचे सोंग घेऊन सुटतात' असे कोणी म्हणाले की मी हे उदाहरण देतो.

रामदासपेठ_२२

मी दोन दिवस विचार केला. मचांग लालुंग यांच्याबद्दल मला माहीत नव्हते. माझा एक प्रश्न मात्र कायम आहे. गांजा किंवा दारूच्या अमलाखाली कोणी असे केले तर त्यालाही हाच लाभ मिळतो का? मग ते अन्यायाचे होईल.

काळा_कोट

मिळत नाही. नशेसाठी स्वतंत्र कलम ८५ आहे आणि नशा त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिली गेली असेल तरच ते लागू होते. स्वतःहून घेतलेली दारू बचाव ठरत नाही. दीर्घ व्यसनातून खरोखरीचा मनोविकार जडला असेल, तर तो प्रश्न पुन्हा कलम ८४ कडे जातो.

ग्रंथालय_धंतोली

या कायद्याचा उगम लक्षात घेतला की त्याची कठोरता समजते. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली, असे मानले जाते. राज्यकर्ता पक्ष आपल्या मागावर आहे, असा त्याचा भ्रम होता. तो निर्दोष सुटल्यावर राणीपासून सर्वांनी नाराजी व्यक्त केली, आणि मग ब्रिटिश संसदेच्या उमराव सभेने न्यायाधीशांना प्रश्न विचारून नियम निश्चित करून घेतले. आपल्या १८६० च्या दंड संहितेचे कलम ८४ त्याच विचाराच्या छायेतले आहे. स्वतः मॅकनॉटन मात्र मोकळा फिरला नाही. १८६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो मनोरुग्णांच्या संस्थांमध्येच होता. त्याच सुमारास, १८६४ साली, आपल्या नागपुरात मनोरुग्णालय सुरू झाले.

महाराष्ट्रातील सर्वांना आठवणारे प्रकरण रमण राघवचे. १९६८ मध्ये मुंबईत पकडला गेला तेव्हा त्याच्या मनोविकलतेबद्दल तज्ज्ञांमध्येच मतभेद झाले, सत्र न्यायालयाने बचाव फेटाळून फाशीची शिक्षा सुनावली, आणि पुढे उच्च न्यायालयाने नेमायला लावलेल्या मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाच्या मतानंतर शिक्षा जन्मठेपेवर आली. म्हणजे दोषी ठरवताना जो आजार अपुरा ठरला, तोच शिक्षा ठरवताना ग्राह्य धरला गेला. २०१९ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, आरोपीचे नाव गुप्त ठेवून, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार फाशी रद्द करण्यासाठी विचारात घेतला. कलम ८४ चे दार अरुंद असले, तरी तेच एकमेव दार नाही.

शुक्रवार_तलाव

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. मधल्या काळात उत्तर दिले नाही त्याबद्दल क्षमस्व. वकिलांनी साक्ष होईपर्यंत काही लिहू नका असे सांगितले होते.

काटोल रोड यांचे ऐकून मी आधी वहिनींकडे गेलो. त्यांना म्हणालो, मी त्याच्या बाजूने बोलायला जात नाही, मी जे पाहिले ते सांगायला जात आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत. मुलाला आत पाठवले आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. नुकसानभरपाईच्या अर्जाबद्दल काळा कोट यांनी लिहिले होते ते मी कागदावर उतरवून नेले होते. तो कागद त्यांनी ठेवून घेतला.

साक्ष गेल्या गुरुवारी झाली. माझे सरतपासणीतले, म्हणजे बचावाच्या वकिलांच्या प्रश्नांवरचे, बोलणे वीस मिनिटांत संपले. उलटतपासणी मात्र तासभर चालली. सरकारी वकिलांनी विचारले, तीन वर्षे गप्प का राहिलात? मी म्हणालो, मला लाज वाटत होती. त्या पहाटे मी त्याला दवाखान्यात न्यायला हवे होते आणि नेले नाही. न्यायाधीशांनी हे वाक्य मला पुन्हा सांगायला लावले आणि लघुलेखकाने ते तसेच टंकित केले. तो तुमचा विद्यार्थी आहे म्हणून तुम्हाला सहानुभूती आहे, हे खरे का? खरे आहे, असे मी सांगितले. तुम्ही डॉक्टर नाही, वेड म्हणजे काय ते तुम्हाला सांगता येणार नाही, हेही मी मान्य केले. मग सब्बलीचा विषय निघाला. ती धुतली होती, हे तुम्हाला माहीत आहे का? आहे. धुऊन त्याने ती बाजूला ठेवली? मी म्हणालो, बाजूला नाही, जागेवर ठेवली. ती रोज तिथेच असायची. त्यावर पुढचा प्रश्न आला नाही.

बाहेर आलो तेव्हा जिन्याजवळ वहिनी उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "सर, त्या दिवशी तुम्ही ह्यांना सांगितलं होतं ना?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला ह्यांनी रात्री सांगितलं होतं. मीच म्हटलं, आता दवाखाना नको, पाहुणे यायचेत." इतके बोलून त्या आरोपीच्या आईला हात धरून जिना उतरवू लागल्या. दोघी एकाच ऑटोतून गेल्या.

मनोरुग्णालयाची मूळ कागदपत्रे वकिलांनी मागवली आहेत आणि तेथील डॉक्टरांची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर युक्तिवाद होतील.

रामदासपेठ_२२

सर, माझ्या पहिल्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य मी मागे घेतो. बाकीचे निकालानंतर बोलू.

चंद्रपूरची_डॉक्टर

साक्ष देणाऱ्या डॉक्टरांसाठी एक सांगणे वकिलांना कळवा. त्यांनी साक्षीपूर्वी सरांची साक्ष वाचलेली असावी. भाऊ बदलला गेल्याच्या भ्रमाबद्दल रुग्णालयातल्या दाखल होतेवेळच्या नोंदीत काही लिहिले असेल, तर ते दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांकडून आलेले ठरेल.

काटोल_रोड

सर, वहिनींना आधी सांगितलेत याबद्दल आभार. काळा कोट साहेब, आत्याच्या प्रकरणातील निकालपत्र आम्हाला आता मिळू शकेल का? आतेभाऊ वाचायचे म्हणतो. आमच्याकडे फक्त खटल्याचा क्रमांक आहे.

काळा_कोट

क्रमांक आहे म्हणजे काम सोपे आहे. प्रथम ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो क्रमांक आणि वर्ष घालून पाहा, निकाल तिथे चढवलेला असू शकतो. नसेल तर त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात आतेभावाच्या नावाने अर्ज द्या आणि मृताचा मुलगा असल्याचा पुरावा जोडा. निकालपत्राबरोबर अभिरक्षेबाबतचा आदेशही मागा, तो स्वतंत्र कागदावर असू शकतो. हाती आल्यावर न समजलेला भाग नावे गाळून येथे लिहा. मी वाचून सांगेन.